दोरे उसवलेले कागद

कुठलाही करार हातात आला की तो शेवटच्या पानापासून वाचायचा, ही त्यांची जुनी खोड. पुढच्या पानांवर सगळेच गोड बोलतात, खरी मेख मागे परिशिष्टात मारलेली असते, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून कंपनीच्या कायदा विभागात त्यांचं नाव पडलं परिशिष्टबाई. हे नाव कुणी पाडलं ते त्यांना चोवीस वर्षांत कळलं नाही. त्यांनी शोधलंही नाही, कारण मनातून त्यांना ते आवडायचं.

कंपनी बाटल्यांची झाकणं बनवायची. हसू नका. झाकणांचेसुद्धा सत्तर-सत्तर पानांचे करार असतात. झाकण किती फिरवल्यावर उघडायला हवं, गळलं तर दोष कुणाचा, लहान मुलाच्या हातानं उघडलं तर काय, असल्या गोष्टींवर चौथ्या मजल्यावर सहा वकील दिवसभर डोकं खाजवत बसायचे. परिशिष्टबाई त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या. वकिलीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेल्या, पण कोर्टाची पायरी म्हणाल तर शपथ घेतली त्या दिवशी चढल्या तेवढीच. त्यांचा काळा कोट कपाटात होता. सासूबाई दर वर्षी तो गच्चीवर उन्हात घालायच्या आणि म्हणायच्या, "सूनबाई, तुझ्यापेक्षा तुझा कोट जास्त वेळा बाहेर पडतो."

एका सोमवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे प्रत्येक वकिलानं वर्षाकाठी तीस तास अशा माणसांसाठी काम करायचं, ज्यांना वकील परवडत नाही. शहरातली एक मोठी वकिलांची फर्म अशी कामं गोळा करत होती. तीच प्रत्येकाला एकेक प्रकरण देणार आणि कोर्टात उभं राहायला आपला माणूस देणार. घरी आल्यावर परिशिष्टबाईंनी हे जेवताना सांगितलं.

"याला काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रो बोनो."

"म्हणजे?"

"म्हणजे फी न घेता."

"मग फुकट म्हण की. त्याला एवढं नटवायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या, आणि नवरा ताटात बघून हसला. तो गणिताचा मास्तर, दोघींच्या मध्ये न बोलण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

प्रकरणं वाटली त्या दिवशी परिशिष्टबाई दाढ काढायला गेल्या होत्या. बाकीच्या पाच जणांनी आपापलं साधून घेतलं. कुणी संस्थेची नोंदणी घेतली, कुणी वाचनालयाचं भाडेपत्र. सुजलेला गाल घेऊन त्या परत आल्या तेव्हा टेबलावर एकच पातळ फाईल उरली होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं, "पालकत्व, मुलगी, वय अकरा."

त्यांनी ती अर्थातच मागून वाचली. शेवटच्या पानावर निळ्या शाईतला एक अंगठा होता.

अंगठा होता इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बाईंचा. सगळं इस्पितळ त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून आपणही मावशीच म्हणू. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही, सत्तावीस वर्षं चादरी धुण्यात गेलेली. त्यांच्या शेजारच्या हौदावर एक मैत्रीण काम करायची. ती मैत्रीण नऊ वर्षांपूर्वी वारली. तिचा नवरा त्याच्या आधीच गेलेला. मागे राहिली दोन वर्षांची मुलगी. मावशींनी तिला स्मशानातून कडेवर घरी आणली ती आणलीच. कुणाला विचारलं नाही, कुठे नोंद केली नाही. कुणाला विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

आणि आता नऊ वर्षांनी मुलीचा सख्खा काका उगवला होता. दुसऱ्या शहरात त्याचं फर्निचरचं दुकान, तीन खोल्यांचं घर, बायको चांगली, मूलबाळ नाही. त्यानं कोर्टात अर्ज केला होता की ही माझ्या भावाची लेक, रक्ताचं माणूस मी, आणि ती धुणारी बाई तिला घरकामासाठी ठेवून बसली आहे. मुलगी माझ्या ताब्यात द्या. कोर्ट विचारणार होतं एकच: या मुलीला खरोखर वाढवलं कुणी? मावशींना ते दाखवता आलं तर मुलगी राहणार, नाहीतर शाळेचं वर्ष संपलं की काकाबरोबर जाणार.

परिशिष्टबाईंनी सुरुवातच अशी केली की विचारू नका. चोवीस वर्षांची सवय. कंपनीच्या जाड कागदावर, वर सोनेरी शिक्का, असं पत्र त्यांनी मावशींना धाडलं: "आपणांस कळविण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये आपण सर्व मूळ कागदपत्रांसह तत्काळ संपर्क साधावा." पोरीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशींना वाटलं, काकानं झाकणांची आख्खी कंपनी आपल्या अंगावर घातली. दोघींनी कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. आठवडा झाला तरी उत्तर येईना, म्हणून परिशिष्टबाई स्वतः पत्ता शोधत गेल्या, तेव्हा ते गाठोडं तिथंच होतं.

"मी तुमच्या बाजूची आहे हो," परिशिष्टबाई उंबऱ्यातच म्हणाल्या.

"मग तसं लिहायचं ना, वकीलबाई," मावशी म्हणाल्या. "दोन ओळींत झालं असतं."

खोली दहा बाय बारा. एक पलंग, तो मुलीचा. मावशी जमिनीवर निजायच्या. त्यांची वळकटी भिंतीशी उभी होती. खिडकीखाली टेबल, त्यावर पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. मुलगी गणित करत होती आणि पाहुण्या बाईंकडे तिनं एकदाच मान वर करून पाहिलं. सडपातळ, मोठ्या कपाळाची. ती मावशींना मावशीच म्हणत होती. काकाच्या वकिलानं अर्जात नेमकं तेच लिहिलं होतं की मुलगी हिला आई म्हणतसुद्धा नाही. परिशिष्टबाईंनी दबकत विचारलं.

"मीच नाही म्हणू दिलं," मावशी म्हणाल्या. "आई होती तिला. ती गेली म्हणून काय तिची जागा घ्यायची? मला मावशी पुरते."

परिशिष्टबाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "काही कागद आहेत का? काहीही. शाळेचे, दवाखान्याचे?"

मावशींनी पलंगाखालून उशीचा एक धुवट अभ्रा ओढला आणि तोंड सोडून पलंगावर रिकामा केला. आणि परिशिष्टबाई, ज्यांनी आयुष्यभर कागदच पाहिले, त्या बघतच राहिल्या. लशींची कार्डं. शाळेचे निकाल. बाईंनी पालकांना पाठवलेल्या चिठ्ठ्या. डॉक्टरांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. सहलीच्या परवानगीचा कागद, तळाशी अंगठा. चष्म्याचा नंबर. चित्रकलेच्या बक्षिसाचं प्रमाणपत्र. एकशे अठरा कागद. एकही चुरगळलेला नाही, एकावरही डाग नाही. आणि प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे बारीक टाके.

फाटू नयेत म्हणून शिवले असतील, असं परिशिष्टबाईंना वाटलं. आता बघा, जी बाई झाकणाच्या करारातला प्रत्येक आकडा तीनदा विचारून घेते, तिनं ते टाके कशाचे एवढं विचारलं नाही. वाटलं आणि तेच धरून बसली. मोठ्या शाळा शिकलेल्यांचं असंच असतं. आपल्याला कळलंय असं त्यांना फार लवकर वाटतं.

ऑफिसात स्कॅन करायच्या यंत्राचा एक कडक नियम होता. पिन नको, टाचणी नको, दोरा तर नकोच, यंत्र अडकतं. परिशिष्टबाईंनी हे काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. दुपारभर बसून लहान कात्रीनं एकेक टाका कापला, चिमटीनं एकेक दोरा ओढून काढला. मग कागद तारखेनुसार लावले, पारदर्शक पाकिटांत घातले, पाकिटांना नंबर दिले, पुढे अनुक्रमणिका जोडली. निळ्या रंगाची दोन जाड बाडं तयार झाली. मोठे साहेबसुद्धा ती चाळून म्हणाले, "वा, परिशिष्ट म्हणावं तर हे." परिशिष्टबाई त्या दिवशी घरी गुणगुणत गेल्या. लाल दोऱ्यांचा पुंजका कचऱ्याच्या टोपलीत पडला आणि सकाळी झाडणाऱ्यानं नेला.

दोन आठवड्यांनी प्रतिज्ञापत्रावर अंगठा घ्यायला त्या धुलाईखान्यात गेल्या. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, तळघरात. वाफेनं चष्मा धुरकटला, यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकू येईना. लांब टेबलावर मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि घडी घालता घालता प्रत्येक चादर वेगवेगळ्या गाडीत टाकत होत्या. चादरींकडे बघत नव्हत्या. बोलत परिशिष्टबाईंशी होत्या, आणि अंगठा मात्र चादरीच्या कोपऱ्यावरून फिरत होता.

"कुठली कुठे जायची, न बघता कसं कळतं?" परिशिष्टबाईंनी विचारलं.

मावशींनी एक कोपरा पुढे केला. लाल दोऱ्याचे टाके. "सरळ रेघ म्हणजे पुरुषांचा वॉर्ड. फुली म्हणजे बायकांचा. त्रिकोण पोरांचा. शाईचे शिक्के मारून पाहिले साहेबांनी, दहा धुण्यांत जातात. दोरा राहतो." मग इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेलं जाड कापड उचलून त्याचा कोपरा दाखवला. तिथं बंद चौकोन होता. "आणि हा इथला. ज्याला चौकोन, ते कापड कुठल्याच गाडीत जात नाही. कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. ते घरचं."

परिशिष्टबाईंनी विचारलं, "मग... कागदांवरचे टाके?"

"तेच की. वाचता येत नाही ना मला. रेघ म्हणजे शाळा. फुली म्हणजे आजारपण. त्रिकोण म्हणजे काही चांगलं झालं ते, बक्षीस वगैरे. आणि त्याच्यापुढे पोर जेवढ्या वर्षांची तेवढे टाके. नाहीतर मला काय कळणार कुठला कागद कुठला?" मावशी म्हणाल्या. "नीट ठेवलेत ना, वकीलबाई?"

"नीट आहेत," परिशिष्टबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. रस्त्यानं जाताना त्यांनी स्वतःची समजूत घातली, वकील लोक ती फार झकास घालतात: कागदांवर तारखा आहेत, नावं आहेत, शिक्के आहेत. कोर्ट कागद वाचणार आहे, दोरे नाही. फर्मच्या वकिलांना कशाला सांगायचं? फर्मचे वकील म्हणजे एक ताडमाड उंच, घाईचा माणूस. त्यांना त्या काही बोलल्या नाहीत. मावशींनाही नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" तर म्हणाल्या, "दाढ."

सुनावणीच्या दिवशी काळा कोट घालून त्या निघाल्या तेव्हा त्याला उन्हाचा वास येत होता. कोर्टाची खोली लहान, खिडक्या उंच, बाकं पॉलिश गेलेली. न्यायाधीश वयस्कर होते, सर्दीनं बेजार, शेजारी रुमालांची चळत. एका बाजूला काका, इस्त्रीचा सदरा, मांडीवर हात ठेवून बसलेला. माणूस वाईट दिसत नव्हता, आणि तेच परिशिष्टबाईंना जड जात होतं. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. आत मावशी, धुलाईखान्याच्या स्वच्छ निळ्या कपड्यांत.

उंच वकिलांनी निळी बाडं पुढे ठेवली आणि ते झकास बोलले. न्यायाधीश पाकिटं उलटत मान हलवत होते. मग काकाचे वकील उठले. हळू बोलणारा, सभ्य माणूस.

"साहेब, बाड फार सुंदर आहे," ते म्हणाले. "जरा जास्तच सुंदर आहे. नऊ वर्षांचे कागद म्हणे एका खोलीत, एका अभ्र्यात होते. माझं म्हणणं इतकंच की हे कागद या बाईंनी जपलेले नाहीत. शाळेतून आणि दवाखान्यातून एका मोठ्या कंपनीच्या कायदा विभागानं ते या महिन्यात गोळा केलेत. अनुक्रमणिका कंपनीची, पाकिटं कंपनीची. या बाईंना यातलं काय माहीत आहे? आपणच विचारून पाहावं."

न्यायाधीशांनी नाक पुसलं, बाडातलं एक पाकीट काढून मावशींसमोर धरायला लावलं. "बाई, हा कशाचा कागद आहे?"

मावशींनी पाकीट घेतलं. सवयीनं अंगठा डाव्या कोपऱ्यावर गेला. गुळगुळीत प्लास्टिक. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. मग पाकीट डोळ्यांजवळ नेलं, कोपरा बघितला, आणि तिथं काहीच लाल नाही हे दिसल्यावर त्यांनी मान वर करून परिशिष्टबाईंकडे पाहिलं. रागानं नाही. चादर हरवली की जसं माणूस आजूबाजूला बघतं तसं.

"मला नाही कळत," मावशी म्हणाल्या.

काकाचे वकील खाली बसले. आणखी बोलायची त्यांना गरजच नव्हती. उंच वकील पाकिटांशी चाळा करू लागले. परिशिष्टबाईंना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. दाराच्या काचेतून मुलीच्या वेणीचं टोक दिसत होतं, तेवढंच. आणि त्या उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात उभ्या राहिल्या. उंच वकिलांनी त्यांच्या कोटाची बाही ओढली, तरी बसल्या नाहीत.

"साहेब, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. आवाज इतका चिरका निघाला की त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. "यांना वाचता येत नाही. यांनी प्रत्येक कागदावर खुणेचे टाके घातले होते, लाल दोऱ्याचे. ते मी काढले. स्कॅन करायला. न विचारता काढले, आणि कळल्यावरही सांगितलं नाही. कागद यांचेच आहेत. यांना ते आज ओळखता येत नाहीत, याला कारण मी आहे."

न्यायाधीश चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिले. "आणि ते दोरे?"

"टाकून दिले."

"म्हणजे तुमच्या शब्दाखेरीज काही नाही."

"नाही साहेब."

यापुढे काय झालं ते परिशिष्टबाई आजही सांगतात, आणि सांगताना त्यांच्या अंगावर काटा येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. मावशी म्हणाल्या, "साहेब, या पिशवीतून कागद बाहेर काढून देता का?"

कारकुनानं पाकिटातून कागद काढून दिला. मावशींनी अंगठा कोपऱ्यावर टेकवला, अगदी हलका, आणि मान जरा तिरकी केली. अंगठा पुढे गेला, थांबला, मागे आला.

"दोरा गेला तरी भोकं आहेत," त्या म्हणाल्या. "फुली. पुढे सहा टाके. सहा वर्षांची होती तेव्हाचा, आजारपणाचा. त्या वर्षी दोनदा आजारी पडली. छोटी चिठ्ठी कांजण्यांची, मोठा कागद हात मोडला त्याचा. हा मोठा आहे. शाळेच्या घसरगुंडीवरून पडली. तीन दिवस इस्पितळात होती, मी खालून दर तासाला वर जायचे, मुकादम ओरडायचा."

न्यायाधीशांनी कागद मागून घेतला आणि वाचला. मग तो खिडकीच्या उजेडासमोर धरला. कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी भोकं, आधी फुली, मग एक ओळ. त्यांनी ती मोजली. ओठ हलताना दिसत होते.

त्यांनी दुसरा कागद दिला. "रेघ. चार टाके. बालवाडी. पहिल्या दिवशी रडली नाही, मीच रडले." तिसरा. "त्रिकोण, नऊ. चित्राचं बक्षीस. चित्र धुलाईखान्याचं होतं, यंत्राला डोळे काढलेले." चौथा, पाचवा, सातवा. न्यायाधीश मधूनच कुठलाही उचलत, पुढचे मागचे करत, आणि मावशींचा अंगठा त्या कोऱ्या दिसणाऱ्या कोपऱ्यांवरून जात होता, आणि एका पोरीचं आख्खं बालपण त्या खोलीत उलगडत होतं. ताप किती होता. कुठली बाई रागावली. चष्मा लागला तेव्हा पहिल्यांदा तिला समोरच्या इमारतीवरची कबुतरं दिसली. न्यायाधीश नाक पुसायचे विसरले होते. कारकुनानं लिहायचं थांबवलं होतं. परिशिष्टबाईंनी त्या क्षणी मनात आयुष्यभराची सगळी बाडं रांगेनं उभी केली, सगळे करार, सगळ्या अनुक्रमणिका, आणि त्यांना स्वच्छ कळलं की असलं चोख काम त्यांच्या हातून एकदाही झालेलं नाही.

अकराव्या कागदावर मावशींचा अंगठा थांबला. त्यांनी कोपरा पुन्हा चाचपला. कागद उलटा करून दुसरा कोपरा चाचपला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. "याला टाकाच पडलेला नाही."

न्यायाधीश पहिल्यांदा हसले. तो शाळेनं थेट कोर्टाला पाठवलेला निकाल होता. त्यांनी आपल्या फाईलीतून काढून मुद्दाम मध्ये सरकवला होता. त्यांनी काकाच्या वकिलांकडे पाहिलं. काकाचे वकील अर्धवट उठले आणि म्हणाले, "कागदांबाबत माझी हरकत मी मागे घेतो."

जेवणाच्या सुट्टीत न्यायाधीशांनी मुलीला आपल्या खोलीत बोलावून घेतलं आणि अर्धा तास तिच्याशी एकटे बोलले. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती येऊन मावशींना अशी चिकटून बसली की दोघींच्या मधून कागदही गेला नसता.

समोरच्या बाकावरून काका उठून आला. उंच वकील सावरून उभे राहिले, पण काका मावशींच्या पुढ्यात थांबला.

"कुठला हात मोडला होता?" त्यानं विचारलं.

"डावा," मावशी म्हणाल्या.

मुलीनं बाही सरकवून मनगट पुढे केलं. काकानं ते बघितलं, मान हलवली आणि परत जाऊन बसला.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मुलीचं पालकत्व मावशींकडे. काकानं सुट्टीत येऊन भेटावं, मुलीला वाटलं तर त्याच्याकडे राहायलाही जावं. परिशिष्टबाईंनी निकालाची प्रत हातात घेतली आणि सवयीनं मागून वाचायला लागल्या. शेवटच्या पानावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं की या प्रकरणातले सर्व मूळ कागद, त्यांच्यावरील खुणांना यापुढे कुणीही हात न लावता, सदर बाईंना परत करावेत. ते वाक्य वाचून त्यांचे कान तापले. बरोबर होतं ते.

संध्याकाळी त्या एकशे अठरा कागद आणि निकाल घेऊन मावशींच्या खोलीवर गेल्या. पाकिटं नव्हती, बाडं नव्हती. धुवट अभ्राच नेला होता. सासूबाईंनी तो स्वतः हातानं धुऊन दिला होता. सगळं प्रकरण घरी कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दाढ म्हणे." आणि मग थोड्या वेळानं, "कोट बाहेर पडला ते बरं झालं."

मावशींनी निकाल हातात घेतला. मुलीनं तो वाचून दाखवला, दोनदा. मावशींनी टेबलाच्या खणातून सुई काढली, लाल दोरा ओवला आणि कागद मांडीवर घेतला. परिशिष्टबाईंना वाटलं, त्रिकोण. चांगलं झालं ते. पण मावशींनी त्रिकोण घातला नाही. एक बाजू शिवली, मग दुसरी, काटकोनात. मग तिसरी. इस्त्रीच्या टेबलावरच्या त्या जाड कापडाचा कोपरा परिशिष्टबाईंना आठवला.

तिसऱ्या बाजूला मावशी थांबल्या. चौकोन बंद व्हायला एक टाका उरला होता. त्यांनी सुई परिशिष्टबाईंच्या पुढे केली.

"हा तुम्ही घाला. उसवले तुम्हीच होते ना."

परिशिष्टबाईंनी शाळेनंतर सुई हातात धरली नव्हती. त्यांनी श्वास रोखून टाका घातला. बोट टोचलं, दोरा गुंतला, टाका लांब पडला. मावशींनी कागद परत घेतला आणि डोळे मिटून चौकोनावरून अंगठा फिरवला, चारही बाजूंनी, सावकाश.

"वाकडा आहे," त्या म्हणाल्या. "पण बंद झाला."

मग त्यांनी मुलीकडे बघून विचारलं, "बारावं लागलं ना गं तुला?" आणि पुढचे बारा टाके स्वतः घातले.